मारबतीसोबत हेही जाऊ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पोळा जवळ आला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीचे पुतळे निघतील आणि त्यांच्यासोबत जाळायच्या बडग्यांची यादी तुमच्या अंकात येईल. ती यादी मी आत्ताच सांगू शकते: महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, सीमेपलीकडचा एखादा शत्रू आणि त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेला एखादा पुढारी. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. महागाईचा तर निघायलाच पाहिजे, कागदाच्या रिमचा भाव मला विचारा. पण ह्या मोठ्या पिडांच्या गर्दीत छोट्या पिडांना मिरवणुकीत जागाच उरलेली नाही, आणि माझ्यासारख्या बाईचं डोकं रोज उठतं ते ह्या छोट्यांपायीच.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नागपुरात 1880च्या दशकापासून दोन मोठ्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले पुतळे, निघतात, एक काळी आणि एक पिवळी. काळी ही इंग्रजांना सामील झालेल्या, इथल्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसलेंच्या निषेधाची, असं जुने लोक सांगतात. पिवळीला बायका देवी मानतात, लेकरं पायावर घालतात. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, तिथे पाय ठेवायला जागा नसते. आणि त्यांच्या मागे-पुढे हे बडग्ये, म्हणजे त्या त्या वर्षीच्या पिडेचे पुतळे. शेवटी सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं आणि मोकळं व्हायचं.

माझी आजी उमरेडकडची. मारबतीच्या दिवशी पहाटे ती घराच्या कोनाकोपऱ्यातून खराटा फिरवायची आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची, "ढेकूण, मच्छर, खोकला, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" क्रम पाहा. ढेकूण पहिला, रोगराई शेवटी. रात्री ज्यानं झोप खाल्ली त्याचं नाव आधी. काळीचं कूळ राजकारणातलं असेलही, पण घराघरातल्या बायकांनी मारबतीकडे मागणं मागितलं ते ढेकणापासून. तोच जुना रिवाज धरून यंदाच्या बडग्यांसाठी माझ्या काही सूचना आहेत, त्या छापाव्यात ही विनंती.

आधी मी कोण ते सांगते. महालात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकान माझं, आमचे हे दुपारी डबा घेऊन येतात, "आज कसा आहे धंदा?" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जातात. आजूबाजूला सरकारी कचेऱ्या, शाळा, दोन-तीन क्लासेस. त्यामुळे माणसाचे जेवढे म्हणून नमुने असतात तेवढे माझ्या काउंटरवर येतात.

पहिला बडग्या मला हवा तो "एकच आहे"चा.

सकाळी अकराला रांग लागलेली असते. मशीन तापलेलं, एक मुलगी आपल्या टीसीच्या प्रती मोजून घेत असते, तिच्या मागे चौघं. तेवढ्यात पाचव्याच्या खांद्यावरून, चौथ्याच्या काखेखालून एक हात कागद घेऊन पुढे येतो आणि आवाज येतो, "काकू, एकच आहे." अहो, रांगेतल्या प्रत्येकाचं एकच असतं! "मला पुष्कळ आहेत" असं म्हणून आजवर कोणी पुढे घुसलेलं नाही. आणि त्या एकाची गंमत अशी, की मी कागद काचेवर ठेवला की खिशातून दुसरा निघतो. "याचं मागून-पुढून घ्या, एकाच पानावर. आणि ह्याच्या तीन. आणि हे जरा लॅमिनेशन होईल का?" मागची मंडळी माझ्याकडे पाहतात, त्याच्याकडे नाही. चूक माझी असते.

ह्या बडग्याला मान लांब करा, हात दोन्ही बाजूंनी तीन-तीन हात लांब करा, आणि प्रत्येक हातात एकेक कागद द्या. तोंड हसरं पाहिजे. ते नेहमी हसरंच असतं.

दुसरा बडग्या खर्ऱ्याचा. खर्ऱ्याचा बडग्या आधी कधी निघाला असेल, मला माहीत नाही, पण निघाला असेल तर तो कर्करोगाचा निघाला असेल. मी त्या मोठ्या गोष्टीत शिरत नाही. राज्यात 2012पासून गुटख्यावर बंदी आहे आणि आमच्या चौकातल्या पानठेल्यावर पोरं आजही तळहातावर पन्नी ठेवून सुपारी-तंबाखू-चुना घोटत उभी असतात, यावरून बंदीचं काय होतं ते कळतंच. माझी तक्रार साधी आहे. खर्रा तोंडात धरलेला माणूस झेरॉक्स काढायला येतो तेव्हा तो हनुवटी वर करून बोलतो, कारण हनुवटी खाली आली तर सगळं खाली येणार. ओठ मिटलेले, त्यामुळे व्यंजनं गायब, नुसते स्वर बाहेर येतात.

"ओ आई."

म्हणजे काय? दोन कॉपी? की हो ताई? मी दोन बोटं दाखवते. तो मान हलवतो, पण मान हलवताना हनुवटी वरच ठेवायची असते, म्हणून ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, कळत नाही. मग मी चार काढते. मग तो दारापर्यंत जातो, बाहेर पाहतो, जागा पाहतो, आणि परत येऊन स्वच्छ मराठीत म्हणतो, "दोनच पाहिजे होत्या जी." हे सगळं मशीन चालू, पंखा चालू, रस्त्यावर हॉर्न चालू असताना. इतक्या वर्षांत मला खर्ऱ्याची बोली बऱ्यापैकी येऊ लागली आहे. "ऑऑ" म्हणजे फोटो, "आआआ" म्हणजे आधार. लिंक करायचं की झेरॉक्स, ते मात्र अजून ओळखता येत नाही.

आधारवरून आठवलं. आता लोक कागद आणत नाहीत, मोबाइल आणतात. "व्हॉट्सअॅप करतो, नंबर सांगा." नंबर भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलाय, त्याच्याखालीच उभे असतात. बरं, फाइल येते, ती उघडत नाही, पासवर्ड मागते. "पासवर्ड काय टाकला होता?" "मी तर नाही टाकला बा." ऑनलाइन काढलेल्या आधारचा पासवर्ड ठरलेला असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला जोडून जन्माचं साल. हे मला पाठ आहे, पण साल मला कसं पाठ असेल? परवा एक आजोबा आले होते, धोतर, टोपी, नातवाचा फोन हातात.

"आजोबा, जन्माचं साल सांगा."

"कोणतं सांगू बाई? शाळेतलं की खरं?"

शाळेतलं टाकलं, उघडलं नाही. खरं टाकलं, उघडलं नाही. मग आजोबांनी रांगेतल्या लोकांना त्या वर्षी किती पाऊस झाला होता, बैल कोणता मेला होता आणि मास्तरांनी आपल्या मनानं तारीख कशी लिहिली हे सगळं सांगितलं. रांगेतल्या एकानं घाई आहे म्हणून तोंड वाकडं केलं, बाकीचे ऐकत होते. शेवटी नातवाला फोन लागला तेव्हा कळलं की आधारवर तिसरंच साल आहे. आजोबांचा मला काही राग नाही, त्यांचा बडग्या करायचा नाही. बडग्या करायचा तो त्या नातवाचा, ज्यानं फाइल पाठवून हात झटकले आणि म्हाताऱ्याला उन्हात माझ्याकडे धाडलं.

सुट्ट्या पैशांचं काय सांगू? दोन रुपयांची झेरॉक्स आणि पाचशेची नोट. दहाचं नाणं परत दिलं की, "हे नाही चालत काकू." का नाही चालत? "दहा रेघांचं चालते, पंधरा रेघांचं नाही चालत." कुणी सांगितलं? "सगळेच सांगतात." रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018मध्ये पत्रक काढून स्पष्ट केलं की दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघालेत आणि सगळेच्या सगळे चालतात. ते पत्रक मी झेरॉक्स करून काउंटरवर चिकटवलं. लोक ते वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे, पण नोटच द्या." मी गल्ला उघडला की आत सगळी नाणी. देणारे देतात, घेणारे घेत नाहीत, आणि मधे मी. चॉकलेट द्यायची मला लाज वाटते, नाहीतर बाकीचे दुकानदार तेच करतात.

पेनाबद्दल एक बारकी गोष्ट, कारण ती फक्त स्टेशनरीवाल्यालाच दिसते. पेन चालतो का पाहायला मी एक वही ठेवली आहे. माणूस पेन हातात घेतो आणि काय लिहितो? सही करतो. दहातले आठ जण स्वतःची सही करतात, एखादा "श्री" लिहितो, पोरं असली तर गोल-गोल गरगटा काढतात. त्या वहीत अर्ध्या महालाच्या सह्या आहेत. कुणाच्या मनात आलं तर मोठा घोटाळा होईल. म्हणून भरलेलं पान मी फाडून टाकते. ह्याची मला चीड नाही, उलट मजा वाटते. चीड येते ती "जरा पेन द्या, फॉर्म भरतो" म्हणून काउंटरवर कोपर टेकून वीस मिनिटं उभा राहणाऱ्याची. पेन परत येतो. टोपण जातं. माझ्याकडे बिनटोपणाच्या पेनांचा डबा भरलाय. गावात कुठेतरी नुसत्या टोपणांचाही डबा भरलेला असणार.

दुकानाबाहेरच्या पिडा मी भराभर सांगते, नाहीतर तुम्ही पत्र वाचायचं सोडून द्याल. शटरसमोर गाडी आडवी लावून "दोनच मिनिटं" म्हणून जाणारा. मेट्रोत मोबाइलवरचे रील मोठ्या आवाजात ऐकणारा, ज्याला एक रील पूर्ण ऐकायचा धीर नाही म्हणून आपल्यालाही दर दहा सेकंदांनी नवा झटका. अर्ध शटर खाली ओढून मी जेवायला बसले की खाली वाकून, डोकं आत घालून, माझ्या हातातल्या घासाकडे पाहत "बंद आहे का?" विचारणारा. आणि "निघालोच" म्हणणारा. मशीन बिघडलं की मी दुरुस्तीवाल्याला फोन करते. "निघालोच मॅडम, मेडिकल चौकात आहे." मागे कुकरची शिटी ऐकू येते. मेडिकल चौकात कुकर कोण लावतं हो? ह्याच्या बडग्याला कमरेला टॉवेल गुंडाळा, अंगाला साबण लावा आणि कानाला फोन द्या, सगळं शहर ओळखेल.

हॉर्नवाल्यांचं जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तिथे कायदा आहे आणि तरीही उपयोग नाही. मोटार वाहन कायद्यात 2019मध्ये दुरुस्ती झाली. विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी 1000 रुपये, पुन्हा वाजवला तर 2000. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत; वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता. आता आमच्या चौकात उभं राहून पाहा. सिग्नल लाल, आकडा उतरतोय, सात, सहा, पाच. पाचवर हॉर्न सुरू. पुढचा माणूस लाल असताना कुठे जाणार? पण वाजवायचा. आणि उन्हाळ्यात तर वेगळाच प्रकार. चौकात हिरवी जाळी लावली असेल तर त्या सावलीत सगळे गाड्या दाटून उभ्या करतात. जाळी नसेल तर मागे जिथे झाड असेल तिथे, रेषेपासून शंभर पावलं अलीकडे, थांबतात. मधला रस्ता रिकामा. आणि सिग्नल हिरवा झाला की झाडाखालून, सावली न सोडता, हॉर्न वाजवतात. कोणासाठी? रस्ता तर मोकळा आहे! मी स्कूटी बाजूला घेऊन एकदा विचारलं, "काऊन वाजवून राहिले जी?" तर म्हणे, "सवय आहे."

आता सांगा, सवयीवर दंड कसा लावणार? पोलिसानं पावती फाडायची तर अख्खा चौक फाडावा लागेल. आमच्या गल्लीत एकाची गाडी मागे घेतली की आरतीची चाल वाजते. रात्री साडेअकराला वाजते. आजवर त्याला कोणी बोललेलं नाही, कारण गाडी मागे घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात प्रत्येकजण मनातल्या मनात आरती पूर्ण करून झोपी जातो. त्याच्यावर तक्रार करून शेजारपण कोण बिघडवणार? पण बडग्या केला, गाडीच्या मागच्या काचेवर भोंगा लावला आणि ती चाल वाजवत इतवारीतून फिरवला, तर तो स्वतःच नेहरू पुतळ्याजवळ उभा राहून टाळ्या वाजवेल, आणि घरी येताना जरा विचार करेल. दंडाची पावती खिशात जाते. बडग्या बायकोपोरांसमोर निघतो. म्हणून मी बंदी मागत नाही, बडग्या मागते.

आणि एक अट. बडग्यावर कुणाचं नाव नको. पुढाऱ्यांच्या बडग्यावर नाव असतं, ते ठीक, त्यांचं कामच आहे. इथे नुसती पीडा ओळखू आली पाहिजे, माणूस नाही. नाहीतर मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याच काउंटरवर भांडण.

आता लग्नं. हे लांबेल, पण ह्याला इलाज नाही.

पत्रिकेत काय लिहितात? "शुभमुहूर्त सायंकाळी 6 वाजून 52 मिनिटे." सात नाही, पावणेसात नाही, बावन्न मिनिटं! मीच छापून देते कितीतरी पत्रिका, बावन्नचं एकावन्न झालं तर मुलीचे वडील कागद परत आणतात. आपण घाईघाईनं दुकान बंद करून, साडी नेसून, साडेसहाला हॉलवर. हॉलवर कोण? मंडपवाला आणि आपण. सात वाजतात. वरात कुठे आहे? काटोल नाक्यावर. साडेसात. वरात कुठे आहे? काटोल नाक्यावरच आहे, पण नाचून राहिले. डीजे चार पावलं येतो आणि थांबतो, कारण नवरदेवाच्या मित्रांपैकी एकाचं आवडतं गाणं लागलेलं असतं. आठला गेटपाशी. गेटपाशी सगळ्यात जास्त नाचायचं असतं. इकडे माइकवरून हाक सुरू होते: "वधूच्या मामांनी वधूला घेऊन मंडपात यावे." पाच मिनिटांनी पुन्हा: "वधूच्या मामांनी वधूला घेऊन त्वरित मंडपात यावे." मामा बिचारे केव्हाचे स्टेजजवळ उभे असतात, वधू ब्युटीपार्लरवालीच्या ताब्यात असते, पण बोलणी मामांना. पावणेनऊला मंगलाष्टकं. त्या बावन्न मिनिटांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. ग्रहांनीही वाट पाहिली असेल.

बरं, लागलं लग्न. दिसतं का काही? स्टेजसमोर चार फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले, वर डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. आपण अक्षता टाकतो त्या एका पाठीवर. गेल्या मोसमातल्या सगळ्या लग्नांत मी फोटोग्राफरच्या शर्टालाच आशीर्वाद देऊन आले. ह्या बडग्याला दोन घड्याळं लावा, एका बाजूला 6.52, दुसऱ्या बाजूला 8.45, मधे एक मामा, हातात माइक, आणि वर पतंगासारखा बांधलेला ड्रोन. खर्च जास्त येईल, पण हा बडग्या पहिल्या नंबरचा होईल, लिहून ठेवा.

आमच्या विहीणबाई पुण्याच्या आहेत. फार चांगल्या. पण त्यांचा फोन आला की दोन प्रश्न ठरलेले. एक, "येताना संत्री आणताय ना?" हा प्रश्न जूनमध्येही येतो. नागपुरी संत्र्याला 2014मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यांना माहीत आहे, पण संत्रं झाडाला बारा महिने लागत नाही हे माहीत नाही. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या मागे-पुढे, मृगाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. जूनमध्ये मी कुठून आणू? मग संत्रा बर्फी घेऊन जाते, त्या म्हणतात, "फळ असतं तर बरं झालं असतं."

दुसरा प्रश्न, "तुमच्याकडे 56 अंश होतं म्हणे?" मे 2024मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवलं, ते टीव्हीवर झळकलं, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पहिली बातमी पुण्याला पोहोचली, दुसरी पोहोचलेली नाही. मी सांगते, अहो विहीणबाई, आमचा विक्रम 47.9चा आहे, 23 मे 2013चा, तेवढा पुरे. तर त्या म्हणतात, "अगं बाई, म्हणजे तरी किती!" आणि लगेच पुण्यात 38 झालं तेव्हा त्यांना कशी घेरी आली ते सांगतात. ह्या पिडेचा बडग्या मी मागत नाही. घरातली गोष्ट आहे आणि पुण्याला तुमची आवृत्ती जाते.

काही गोष्टींचा बडग्या करू नका, अशीही माझी विनंती आहे. तर्री पोह्यांच्या कागदी प्लेटचा करू नका. ती खालून भिजते, तर्री मनगटावरून कोपरापर्यंत येते, पांढऱ्या शर्टाचं वाटोळं होतं, सगळं खरं. पण स्टीलची प्लेट आली की तो पोहेवाला धुवायला पाणी कुठून आणेल? आणि खाताना पुढे वाकून उभं राहायचं नागपूरकराला लहानपणापासून येतं. हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर रातोरात रंगणाऱ्या दुभाजकांचाही करू नका, कारण तो कोणी ना कोणी काढणारच, माझ्या सूचनेची गरज नाही.

आणि कचेऱ्यांच्या "आणखी एक झेरॉक्स लागेल"चा बडग्या तर मुळीच नको. शासनानं 2015मध्ये ठरवलं की कागदपत्रांवर स्वतःच सही करून साक्षांकन चालेल, राजपत्रित अधिकाऱ्याच्या मागे धावायला नको. तरी खिडकीतून अजूनही ऐकू येतं, "याच्यावर साहेबाची सही आणा, आणि दोन प्रती जास्तीच्या लावा." लोक चिडतात, माझ्याकडे येऊन कचेरीला शिव्या घालतात. मी मान डोलावते आणि प्रती काढते. त्या दोन जास्तीच्या प्रतींवर माझ्या मुलाचं इंजिनिअरिंग झालं आहे. ज्यांना ही पीडा वाटते त्यांनी आपलं पत्र वेगळं लिहावं.

बडग्ये बनवणाऱ्या मंडळांना माझं एक सांगणं आहे. वेळ कमी आहे हे मला समजतं, आणि तुमचे यंदाचे पुतळे ठरलेही असतील. पण एखाद्या मोठ्या बडग्याच्या बाजूला एखादा छोटा, कमरेएवढा, तरी काढा. पोरांना उचलता येईल असा. कामट्या आणि दोरी तुमची. कागद, खळ, पुठ्ठे, स्केचपेन आणि पाटी रंगवायला मोठं अक्षर काढणारी मुलगी, हे माझ्याकडून. रद्दी भरपूर आहे: काळ्या निघालेल्या प्रती, तिरप्या निघालेल्या प्रती, मशीननं अर्ध्यात खाल्लेली पानं. आधारच्या फसलेल्या प्रती तेवढ्या मिळणार नाहीत, त्या मी फाडते. दुकान सकाळी साडेदहाला उघडतं. दोन ते तीन शटर अर्ध खाली असतं, तेव्हा येऊ नका, मी जेवत असते.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर पुण्याचा भाग कापा, लग्नाचा कापू नका.

आपली,
एक झेरॉक्सवाली
महाल, नागपूर

ता. क. नाव-पत्ता पाकिटावर लिहिला आहे, पण छापू नये. गिऱ्हाइकं तुटतील, आणि लग्नसराईत पत्रिकांची ऑर्डर कोणी देणार नाही.